दादासाहेब फाळके आणि चांदीचा आयन : अणूवर चार्ज येतो म्हणजे नक्की काय होतं?

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागतं. नाशिककरांनी तिथे लहानपणी एकदा तरी सहल काढलेली असते, डबा खाल्लेला असतो आणि घरी आल्यावर विसरून गेलेलं असतं. फाळके म्हणजे सिनेमा, फाळके म्हणजे दरवर्षी कुठल्यातरी ज्येष्ठ कलाकाराला मिळणारा पुरस्कार. मला पण एवढंच माहीत होतं.

मागच्या दिवाळीत माझ्या नववीतल्या मामेबहिणीने मला पकडलं. तिचा प्रश्न साधा होता. पुस्तकात लिहिलंय की सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, आणि दोघे आयन होतात. पण दादा, तो देतो कशाला? आणि दिल्यावर दिसतं काय? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मी आधी मिठाचं उदाहरण दिलं, मग मोबाईलच्या लिथियम-आयन बॅटरीचं. तिचं समाधान झालं नाही, कारण दोन्हीत डोळ्यांना काहीच दिसत नाही. मीठ मिठासारखं दिसतं आणि बॅटरी तर उघडून बघायचीच नसते. आयन झाला किंवा आयनाचा परत अणू झाला हे चक्क डोळ्यांनी दिसेल असं उदाहरण शोधता शोधता मी फाळक्यांपाशी पोचलो. कारण या माणसाने आयुष्यातली निम्म्याहून जास्त वर्षं नेमकं हेच काम केलं. आधी धातूच्या अणूंचे आयन केले, मग आयनांचे अणू. सिनेमा त्यातून आला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला गेलं. घरातली रीत बघता धुंडिराजनेही शास्त्रीच व्हायचं. पण पोराचा हात चित्रांकडे वळत होता. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, चित्रकलेचा एक वर्षाचा कोर्स केला आणि मोठ्या भावामागे बडोद्याला गेला.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. नावावरून फक्त चित्रं-शिल्पं वाटतील, पण त्याचे प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. १८९६ मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं (यात पुढे चापेकर बंधूंचं नाव आलं), तो डाग शेवटी याच गज्जरांनी काढून दाखवला. अशा माणसाच्या हाताखाली फाळके शिकले. ऑइल पेंटिंग, वॉटर कलर, मॉडेलिंग हे झालंच, पण कॅमेरा आणि डार्करूम पण हातात आली. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, तीन रंगांचे ब्लॉक बनवायला आणि फोटोलिथो शिकायला. परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉलेजनेच पोराला लॅबची किल्ली देऊन स्टार्टअप काढू दिलं.

आता ब्लॉक म्हणजे काय ते नीट बघू, कारण आपला पहिला आयन इथे आहे.

जस्ताचा पत्रा आणि दोन इलेक्ट्रॉन

त्या काळी पुस्तकात चित्र छापायचं तर धातूच्या पत्र्यावर ते उठवावं लागायचं. जिथे शाई लागायला हवी तो भाग उंच, बाकीचा खोल. हा खोल भाग कोरायचा कसा? हाताने नाही, ॲसिडने. पत्र्यावर आधी अंड्यातला पांढरा बलक किंवा सरस आणि बायक्रोमेट यांचं मिश्रण फासायचं. त्यावर निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा. जिथे उजेड पडतो तिथे हा थर कडक होतो, बाकीचा पाण्याने धुवून जातो. मग पत्रा ॲसिडमध्ये. कडक थराखालचा धातू वाचतो, उघडा धातू खाल्ला जातो.

"खाल्ला जातो" हा शब्द आपण सहज वापरतो. पण जस्त कुठे जातं? नाहीसं तर होऊ शकत नाही. इथेच मामेबहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

जस्ताच्या अणूत मधोमध केंद्रक, त्यात ३० प्रोटॉन. बाहेर ३० इलेक्ट्रॉन. प्रोटॉनवर धनप्रभार, इलेक्ट्रॉनवर तितकाच ऋणप्रभार. तीस वजा तीस शून्य, म्हणून अणू उदासीन. या तिसातले २८ इलेक्ट्रॉन आतल्या कवचांत गच्च बसलेले, आणि शेवटचे दोन सगळ्यात बाहेर, केंद्रकाची पकड तिथे सैल. नायट्रिक ॲसिडमध्ये इलेक्ट्रॉन हवेच असलेले गिऱ्हाईक तयार असतात. ते हे दोन बाहेरचे इलेक्ट्रॉन ओढून नेतात. मागे उरतो तो ३० प्रोटॉन आणि २८ इलेक्ट्रॉनवाला जस्त. हिशोब दोनने बिघडला. हाच जस्ताचा आयन, दोन धनप्रभार असलेला.

लक्षात घ्या, वरून कुठला चार्ज येऊन अणूवर बसला नाही. चार्ज सगळा आधीपासून आतच होता, फक्त एकमेकांना झाकून. इलेक्ट्रॉन गेला की प्रोटॉन उघडे पडतात. आणि प्रोटॉन कधीच हलत नाहीत, देवाणघेवाण होते ती इलेक्ट्रॉनची. (माझ्या वर्गात निम्मी मुलं इंजिनिअरिंगला येईपर्यंत धन आयन म्हणजे अणूला जास्तीचा प्रोटॉन मिळाला असंच समजत होती. त्यात मीही होतो.)

उदासीन जस्त एकमेकांना धरून पत्रा होऊन राहतं. आयन झालेल्या जस्ताला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घेरतात आणि उचलून नेतात. म्हणून पत्रा झिजतो. तो "खाल्ला" गेला म्हणजे अणू-अणू करून आयन होऊन पाण्यात गेला.

आणि मामेबहिणीचा "देतो कशाला?" अणू काही दानशूर नसतो. दुसरा कोणीतरी तो इलेक्ट्रॉन जास्त जोरात ओढतो म्हणून तो जातो. जोराचा ओढणारा नसेल तर जस्त वर्षानुवर्षं जस्तच राहतं. सराफाकडे सोनं तपासताना नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकतात ते यासाठीच. तांब्यासारखी भेसळ इलेक्ट्रॉन सोडून देते आणि विरघळते, सोनं दाद देत नाही.

फोटोसारखी बारीक छटा हवी असेल तर जस्ताऐवजी तांब्याचा पत्रा आणि नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराईड वापरायचे. यात लोखंडाचा आयन असतो, तीन धनप्रभारवाला. तो तांब्याकडून एक इलेक्ट्रॉन घेतो आणि दोन प्रभारावर येतो. तांब्याला दोन इलेक्ट्रॉन सोडायचे असतात, म्हणून एका तांब्यामागे लोखंडाचे दोन आयन लागतात. ज्यांनी इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये पीसीबी बनवलाय त्यांना हे तपकिरी पाणी ओळखीचं असेल. माझ्या एका शर्टवर त्याचा डाग अजून आहे. म्हणजे फाळके १८९० च्या दशकात बडोद्यात जे करत होते ते आणि तुमच्या फोनमधल्या सर्किट बोर्डच्या मागचं मूळ तंत्र एकच आहे : उजेडाने कडक होणारा थर लावा, नको असलेल्या तांब्याचे आयन करा, धुवून टाका.

बरीच वर्षं पडझडीची

हातात कला होती, पोटाला पुरेसं काम नव्हतं. १८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. स्टुडिओ सोडून ते बडोद्याला परतले. तिथे लोकांत अफवा, की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. हसू नका. काचेच्या डोळ्यासमोर बसायचं आणि काळ्या खोलीतून आपला चेहरा निघून यायचा, हे ज्याला आतलं रसायन माहीत नाही त्याला भुताटकीच वाटणार.

मग नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून "प्रोफेसर केल्फा" नावाने प्रयोगही केले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर-ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. ती १९०६ मध्ये सोडून फाळक्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मांच्या प्रेससाठी फोटोलिथोचं काम तिथे व्हायचं. नंतर छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, नाव "लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स" झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं, आणि मग भागीदाराशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. वय चाळीस, हातात काही नाही.

एप्रिल १९११ मध्ये ते गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये सिनेमा बघायला गेले. ईस्टरचे दिवस होते, पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र होतं. ख्रिस्ताच्या जागी आपले राम-कृष्ण असे हलताना दिसले पाहिजेत हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढचे कितीतरी महिने रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात स्वस्तातला छोटा कॅमेरा, रिळं, पुस्तकं, मेणबत्तीच्या उजेडात पडद्यावर चित्र पाडायचे प्रयोग. झोप जवळपास नाही. शेवटी डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली. एरवी सिनेमाचा इतिहास इथेच थांबला असता.

मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे "बायोस्कोप" साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना निर्माता सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं, आणि त्यांच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळं काम बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म मागवली आणि १ एप्रिलला परत.

दोन आठवड्यांत सिनेमा शिकून येणं शक्य असतं का? नवख्याला नाही. पण फाळक्यांची डार्करूममध्ये वीस वर्षं गेली होती. रसायन त्यांना येत होतंच, नवीन होतं ते यंत्र.

पैसे उभे करण्यासाठी त्यांनी डेमो बनवला. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एक-एक फ्रेम घेतली. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल झाली. तुमच्या फोनमध्ये टाइम-लॅप्स नावाचं बटण आहे, तेच. "अंकुराची वाढ" बघून सावकाराने पैसे दिले. कमी पडले तिथे सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

अंधारात घडतं ते

आता उलटा प्रवास, आयनाकडून अणूकडे.

कच्ची फिल्म म्हणजे सेल्युलॉइडची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. त्या थरात सिल्व्हर ब्रोमाईडचे अतिसूक्ष्म कण, साधारण मायक्रॉनभर आकाराचे. प्रत्येक कणात अब्जावधी चांदीचे आयन आणि तितकेच ब्रोमीनचे आयन, जाळीत एकाआड एक रचलेले. चांदीच्या अणूत ४७ प्रोटॉन आणि ४७ इलेक्ट्रॉन असतात. इथल्या चांदीचा एक इलेक्ट्रॉन ब्रोमीनने घेतलेला आहे, म्हणून इलेक्ट्रॉन ४६ आणि एक धनप्रभार. ब्रोमीनकडे एक जास्तीचा, म्हणून एक ऋणप्रभार. विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून बसतात. मिठात सोडियम आणि क्लोरीन बसतात अगदी तसेच. आणि या अवस्थेत चांदी चांदीसारखी दिसतच नाही, फिकट पिवळसर पावडर असते. धातूची चमक, काळेपणा, काहीच नाही. एका इलेक्ट्रॉनने एवढा फरक पडतो.

कॅमेऱ्याची कळ फिरते, शटर उघडतं, उजेडाचा एक फोटॉन कणावर आदळतो. ब्रोमीनच्या आयनावरचा जास्तीचा इलेक्ट्रॉन त्या धक्क्याने सुटतो आणि कणात भटकायला लागतो. भटकता भटकता तो कणातल्या एखाद्या खोडीपाशी अडकतो. तिकडे चांदीचा एखादा आयन सरकत येतो, तो इलेक्ट्रॉन उचलतो. ४६ अधिक १, सत्तेचाळीस. आयनाचा अणू झाला. पुन्हा फोटॉन, पुन्हा इलेक्ट्रॉन, शेजारी दुसरा अणू. चार-पाच अणूंचा असा ठिपका जमला की कण "खूण झालेला" समजायचा.

चार-पाच अणू! अब्जावधींमध्ये. कुठल्याही डोळ्याला हे दिसणार नाही. फिल्म बाहेरून आधी होती तशीच दिसते. पण चित्र तिच्यात आलेलं असतं, म्हणून त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

पुढचं काम डेव्हलपरचं. डेव्हलपर म्हणजे असं रसायन जे इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतं, पण कुठेही नाही. जिथे चांदीच्या अणूंचा तो ठिपका आहे तिथूनच ते आत शिरतं आणि मग त्या अख्ख्या कणातल्या सगळ्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवत सुटतं. चार अणूंचे अब्जावधी अणू होतात. ज्या कणावर उजेड पडला तो काळ्या चांदीचा होतो, ज्यावर नाही पडला तो तसाच. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी : उजेडाने फक्त फ्लॅग सेट केला, लूप डेव्हलपरने चालवला.

पण उरलेल्या आयनांचं काय? ते तसेच ठेवले तर फिल्म बाहेर उजेडात आणल्यावर हळूहळू त्यांचंही तेच होणार. म्हणून फिल्म "हायपो"त बुडवतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते उरलेल्या चांदीच्या आयनांना मिठी मारून पाण्यात घेऊन जातं, अणूंना हात लावत नाही. ब्लॉकमध्ये आयन वाहून जातात आणि अणू उरतात, इथेही तेच. फरक एवढाच की तिथे ॲसिड आयन तयार करतं, इथे उजेड अणू तयार करतो.

फोनचा कॅमेरा पण पहिली पायरी हीच करतो, बरं का. सेन्सरच्या सिलिकॉनवर फोटॉन आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. फक्त तो इलेक्ट्रॉन चांदीकडे न जाता साठवून मोजला जातो, आणि मोजलेला आकडा म्हणजे तुमचा पिक्सेल.

"राजा हरिश्चंद्र" ३,७०० फूट होता. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९ हजारांवर चित्रं. कच्ची फिल्म यायची ती भोकांशिवाय. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं, म्हणजे फक्त एका बाजूचा हिशोब केला तरी दोन लाख छत्तीस हजार. आणि हे सगळं अंधारात, कारण भोकं पाडताना उजेड लागला तर आयन थोडेच विचारतात की शूटिंग सुरू झालंय का. हे काम सरस्वतीबाई करायच्या. त्यांनी भोकं पाडली, डेव्हलपिंगची रसायनं कालवली, आणि दिवसा साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक केला. दादरच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यात फार अंतर नव्हतं, आणि दोन्हीकडे एकच बाई उभी होती. आपल्याकडे "भारतीय सिनेमाचे जनक" म्हणतात, ते ठीकच आहे. पण भारतातल्या पहिल्या फिल्म टेक्निशियन म्हणून सरस्वतीबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात का नाही, हे मला खरंच कळत नाही.

मुंबईच्या उकाड्यात हे काम किती नाजूक असेल याचा अंदाज करा. पाणी कोमट असलं की डेव्हलपर भरधाव चालतो आणि चित्र गरजेपेक्षा काळं होतं. त्याहून गरम झालं की जिलेटिन फुगतं आणि पट्टीवरून सुटायला लागतं. एक रीळ बिघडलं की अख्खा दिवस गेला, आणि दिवसाबरोबर दागिन्यांचे पैसे गेले.

"राजा हरिश्चंद्र" २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं, ते एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. बाई मिळाली नाही म्हणून.

इथे एक वाद आहे. दादासाहेब तोरणे यांचा "श्री पुंडलिक" त्याच्या एक वर्ष आधी, मे १९१२ मध्ये दाखवला गेला. मग पहिला कोण? तोरण्यांचा चित्रपट म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा ब्रिटिश माणसाने चालवला आणि निगेटिव्ह धुवायला लंडनला गेली. तोरण्यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण माझ्यापुरता फरक डार्करूमचा आहे. हरिश्चंद्राच्या चांदीचे आयन दादरला अणू झाले.

नाशिक

पहिल्या यशानंतर त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. त्र्यंबकेश्वर जवळ, गोदावरी, घाट, देवळं, मोकळा उजेड. आणि त्या काळी शूटिंग सूर्यावरच चालायचं. "मोहिनी भस्मासुर" मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं, आणि पडद्यावर पहिल्यांदा स्त्रियाच स्त्रिया झाल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन परत लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. पैसा आटला.

१९१७ चा "लंका दहन" मात्र धो-धो चालला. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत असं सांगतात. त्याच सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी छोटी फिल्मही केली, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आमच्यासारख्यांचा तो पूर्वजच म्हणायचा, एक्सप्लेनर व्हिडिओ.

१९१९ च्या "कालिया मर्दन" मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. सुरुवातीला तिचा साधा चेहरा दिसतो, वेगवेगळे भाव दाखवतो, आणि मग विरघळत विरघळत कृष्णाच्या वेशात जातो. हा डिझॉल्व्ह तेव्हा कॅमेऱ्यातच करायचे. पहिलं दृश्य घेताना शेवटी उजेड हळूहळू बंद करायचा, फिल्म तेवढीच मागे फिरवायची, आणि दुसरं दृश्य घेताना उजेड हळूहळू उघडायचा. आता वरचं रसायन आठवा. पहिल्या वेळी काही कणांवर खूण झाली, पण डेव्हलप केलेलं नाही, त्यामुळे बाकीचे कोट्यवधी कण अजून कोरेच आहेत. दुसऱ्या वेळी त्यातल्या काहींवर खूण होते. दोन्ही चित्रं एकाच पट्टीत गुपचूप झोपून राहतात आणि डेव्हलपरमध्ये एकदमच उठतात. प्रोफेसर केल्फाची जादू इथे कामाला आली.

१९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली होती. फाळक्यांना कामात ढवळाढवळ सहन व्हायची नाही आणि भागीदारांना खर्च. छापखान्याचीच गोष्ट पुन्हा. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे "रंगभूमी" हे नाटक लिहिलं, मग परत येऊन त्याच कंपनीत काम करू लागले. पण पूर्वीची पकड राहिली नाही. १९३१ मध्ये "आलम आरा" बोलला आणि मूकपटांचं दुकान बंद झालं. फाळक्यांचा "सेतुबंधन" मूकपट म्हणूनच तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला केलेला "गंगावतरण" हा १९३७ चा बोलपट शेवटचा.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, इंग्लंडमध्ये रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या दोघांनी सुप्त प्रतिमा कशी तयार होते याचं स्पष्टीकरण मांडलं. मी वर सांगितलं ना, इलेक्ट्रॉन सुटतो, अडकतो, मग आयन सरकत येतो, ते त्यांचं. म्हणजे फाळक्यांनी जवळपास पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर पोट भरलं, तिच्या आत नेमकं काय चालतं हे त्यांच्या कामाच्या काळात कोणालाच धड माहीत नव्हतं. त्यांना एवढं माहीत होतं की अमुक वेळ, अमुक तापमान, अमुक प्रमाण. हाताला कळत होतं.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये दादासाहेब गेले. तेव्हा त्यांचं नाव विसरलं गेलं होतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

आणि चांदीचं काय झालं? मूकपटांच्या जमान्यात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आज बघायला मिळतात. सेल्युलॉइडची पट्टी नायट्रेटची, लवकर पेट घेणारी, आणि पेटली नाही तरी कालांतराने चिकट होऊन भुगा होणारी. जी टिकली तिला गिऱ्हाईक वेगळंच मिळालं. कितीतरी जुन्या रिळांतली चांदी काढून विकली गेली. चांदी काढायची रीत फाळक्यांच्या ब्लॉकसारखीच : अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घ्या, त्याचा आयन करा, तो पाण्यात उतरेल, चित्र पुसलं जाईल. मग पाण्यातल्या आयनांना इलेक्ट्रॉन परत द्या, खाली चांदी बसेल. राजाचा चेहरा असो की सीतेचा, तोळ्याचा भाव एकच.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी चिकाटीने शोधून आणलेल्या रिळांमुळे "राजा हरिश्चंद्र"ची पहिली आणि शेवटची रिळं आज बघता येतात. काही अभ्यासकांच्या मते तीही १९१३ ची नाहीत, १९१७ मध्ये फाळक्यांनी हाच चित्रपट पुन्हा केला त्यातली आहेत. इंटरनेटवर ती मिळतात. मी मामेबहिणीला फोनवर लावून दाखवली. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांत राजा पोराला धनुष्यबाण शिकवतोय. तिने स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, ठिपके बघितले आणि विचारलं, यातला काळा म्हणजे सत्तेचाळीसवाला ना?

मूळ पट्टीवर हो. पण आपण बघतोय ती निगेटिव्हवरून काढलेली प्रिंट, म्हणजे तिथे सगळं एकदा उलटं झालंय, असं मी तिला सांगायला लागलो, तोवर तिने व्हिडिओ पुढे नेला होता.